आत्या, वारा येतो कुठून?

मे महिन्यात भावाची पोरं मुंबईहून गावी आली की रोज दुपारी तीन-साडेतीनला आमची वरात समुद्रावर निघते. आमचं गाव कोकणात, दापोलीच्या हर्णैजवळ, घरापासून किनारा चालत दहा मिनिटं. चपला सुरूच्या झाडाखाली काढायच्या आणि पाण्याकडे पळत सुटायचं, पण मधली कोरडी वाळू आहे ना ती अशी काही तापलेली असते की दोघं आई गं आई गं करत चवड्यांवर उड्या मारत ओल्या वाळूपर्यंत पोचतात आणि पाण्यात पाय पडला की एकदम हुश्श. यंदा धाकटीने, आठ वर्षांची आहे, पाण्यात उभं राहून विचारलं, आत्या ऊन तर दोघांवर सारखंच पडतंय मग वाळू भाजते आणि पाणी गार का? तेवढ्यात वाऱ्याने केस तोंडावर आले म्हणून लगेच दुसरा प्रश्न, हा वारा रोज दुपारीच का सुटतो, येतो कुठून?

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, कारण दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते धरून पुढे पुढे गेलं की आपला मान्सून, घाटातला पाऊस, चक्रीवादळ सगळं हाताला लागतं. पुढचे दहा-बारा दिवस आमचं हेच चाललं होतं, तेच इथे लिहितेय, घरात कोणी असं प्रश्न विचारणारं पोर असेल तर त्याला वाचून दाखवा.

आधी वाळू आणि पाणी. पाणी तापायला फार आळशी असतं. एक किलो वाळू एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते त्याच्या साधारण पाचपट उष्णता एक किलो पाण्याला द्यावी लागते. आई गॅसवर रिकामा तवा ठेवते तो मिनिटभरात चटका देतो, पण आधणाचं पातेलं त्याच गॅसवर तेवढाच वेळ ठेवलं तर बोट बुडवता येईल इतपतच गरम होतं, तसंच. शिवाय वाळूत ऊन वरच्यावरच अडकतं, वीतभर खणलं की खाली गार वाळू लागते, हे प्रत्येकाने करून बघितलेलं असतं. समुद्रात ऊन खोलवर जातं आणि लाटा ते पाणी सारखं ढवळत राहतात, म्हणजे सूर्याला नुसता वरचा थर नाही तर केवढा तरी मोठा साठा तापवावा लागतो. म्हणून मे महिन्यात कोरडी वाळू पन्नास अंशांच्या पुढे गेली तरी समुद्र आपला एकोणतीस-तीसवरच. आणि रात्री उलटं, वाळू जेवढ्या घाईने तापते तेवढ्याच घाईने निवते, समुद्र मात्र दिवसा होता तसाच राहतो.

माझं ऐकून गप्प बसतील तर ती पोरं कसली, म्हणून दोन सारख्या वाडग्यांत एकात वाळू एकात पाणी घेऊन खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उन्हात ठेवलं. दर अर्ध्या तासाने बोट घालून बघायचं आणि मग तिन्हीसांजेला परत एकदा बघायचं. संध्याकाळी वाळू गार आणि पाणी कोमट निघालं तेव्हा थोरल्याचं, तो बारा वर्षांचा, तोंड बघण्यासारखं झालं होतं. दुपारी हरलेलं पाणी संध्याकाळी जिंकलं असं धाकटीचं म्हणणं.

आता वारा. वारा म्हणजे हलणारी हवा एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण हवेला वजन असतं हे पटकन पटत नाही. आमची माजघराची खोली दहा बाय दहाची आणि उंचीही दहा फूट, तर तिच्यात जी हवा भरलीय तिचं वजन तीस किलोच्या वर भरेल, म्हणजे तांदळाची एक गोण. आणि आपल्या डोक्यावर तर आकाशापर्यंत हवाच हवा, तिच्या वजनाने जो भार पडतो त्याला हवेचा दाब म्हणतात. नुसत्या तळहातावर शंभर किलोच्या आसपास भार असतो! हात मोडत नाही कारण तेवढीच हवा खालूनही वर ढकलत असते.

जमीन तापली की तिला चिकटलेली हवा तापते, तापलेली हवा फुगते, फुगली की तेवढ्याच जागेत तिचं वजन कमी भरतं, आणि मग शेजारची गार जड हवा तिच्या खाली घुसून तिला वर उचलते. चुलीवरचा धूर वर जातो तो असाच. दुपारी आपल्या जमिनीवर हे घडतं, हवा वर निघून जाते, तिथला दाब कमी होतो आणि समुद्रावरची गार हवा ती जागा भरायला धावत येते. हेच आपले खारे वारे. रात्री जमीन निवून समुद्रापेक्षा गार होते मग सगळं उलटं, हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागते, ते मतलई वारे. शाळेच्या पुस्तकात हे दोन शब्द पाठ करायला असतात, पण आमच्या शेजारचे काका चाळीस वर्षं बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, होते, त्यांना पाठ करावे लागले नाहीत. त्यांचे वडील शिडाच्या होडीवर जायचे, इंजिन नव्हतंच, मग पहाटे मतलईवर शीड उभारून बाहेर जायचं आणि दुपारी खारा वारा धरून मासळी घेऊन परत यायचं. दर्यावर जाण्यायेण्याचं टाइमटेबल वाळू आणि पाणी मिळून ठरवत होते. काकांनी हे सांगितलं तेव्हा थोरला म्हणाला, म्हणजे वाऱ्याची एसटी. बरोबरच आहे की.

आता हीच गोष्ट मोठी करायची. एका दिवसाच्या जागी एक वर्ष घ्या, आणि आपल्या गावाच्या किनाऱ्याच्या जागी अख्खा आशिया. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकतो, राजस्थान, पाकिस्तान, तिकडची सगळी जमीन तापून पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाते, हवा वर जाते आणि तिथे कमी दाबाचा पट्टा तयार होतो. त्याच वेळी विषुववृत्ताच्या पलीकडे, मॉरिशस-मादागास्करच्या बाजूला हिवाळा असतो, तिथली हवा गार आणि जड. मग तिकडून हजारो किलोमीटरवरून हवा निघते ती थेट आपल्याकडे. म्हणजे मान्सून हा एक भला थोरला खारा वारा आहे जो दुपारी सुटायच्या ऐवजी जूनमध्ये सुटतो, आणि हिवाळ्यात जमीन गार पडली की दिशा बदलून ईशान्येकडून वाहतो, मतलईसारखा. मान्सून हा शब्दसुद्धा मौसिम या अरबी शब्दावरून आलाय, मौसिम म्हणजे ऋतू, आपण मोसम म्हणतो तोच. जमीन आणि समुद्र वेगवेगळे तापतात म्हणून मोसमी वारे वाहतात हे पहिल्यांदा नीट मांडलं एडमंड हॅलीने १६८६ साली, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे तोच हा हॅली.

पण हवा दक्षिणेकडून उत्तरेकडे येते तर आपला पाऊस नैऋत्येकडून, म्हणजे समुद्राच्या बाजूने तिरका का येतो? पडवीत झड कुठल्या बाजूने आत येते ते कोकणात कोणालाही विचारा, पश्चिमेच्या बाजूला झाप बांधायचे हे ठरलेलंच असतं. याला कारण पृथ्वीचं फिरणं. पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, पण सगळी ठिकाणं सारख्या वेगाने फिरत नाहीत. विषुववृत्त हा सगळ्यात मोठा घेर, तिथली जमीन ताशी साधारण १६७० किलोमीटरने पळतेय, आपल्या हर्णैचा घेर लहान म्हणून आपण ताशी १५९० ने. तिथून निघालेली हवा तो जादा वेग अंगात घेऊनच येते, म्हणून उत्तरेकडे येता येता ती जमिनीच्या पुढे, पूर्वेकडे सरकत जाते. धावत्या गाडीतून उतरलेला माणूस गाडीच्या दिशेने दोन पावलं पळतो ना, तसं. म्हणून वारा उजवीकडे वळतो आणि अरबी समुद्र ओलांडून तिरका आपल्या अंगावर येतो.

इथे थोरल्याने असा प्रश्न टाकला की मला क्षणभर थांबावं लागलं. तो म्हणाला, आत्या पण पाऊस पडला की जमीन गार होते, मग गार झाल्यावर वारा बंद व्हायला पाहिजे, जुलैमध्ये तर अजून जोरात पडतो. खरंय! बऱ्याच ठिकाणी नुसतं जमीन तापते म्हणून मान्सून येतो इतकंच सांगून सोडून देतात, ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं वाफेत आहे, आणि ते समजायला परत स्वयंपाकघरात जावं लागतं.

पातेल्यातलं गार पाणी उकळायला किती वेळ लागतो ते बघा आणि मग तेच सगळं पाणी उकळून उकळून पातेलं पूर्ण कोरडं पडायला किती वेळ लागतो ते बघा (मोठं माणूस जवळ असतानाच, आणि पातेलं जळायच्या आत गॅस बंद). पाचपटीहून जास्त वेळ लागतो. म्हणजे पाण्याची वाफ व्हायला प्रचंड उष्णता लागते आणि ती उष्णता कुठे जात नाही, त्या वाफेतच लपून बसते. वाफेचं परत पाणी झालं की ती बाहेर पडते. घाम वाळला की गार वाटतं कारण घामाची वाफ होताना ती उष्णता आपल्या अंगातून ओढून घेते. माठातलं पाणी गार होतं तेही यामुळेच.

आणि कोकणात मे महिन्यात जीव नकोसा होतो तोही याचमुळे, फक्त उलट्या बाजूने. नागपूरला चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश असतात आणि आपल्याकडे तेहेतीस-चौतीस, तरी नागपूरचा पाहुणा इथे येऊन म्हणतो काय उकडतंय. कारण आपल्या हवेत आधीच वाफ ठासून भरलेली असते, घाम वाळायला जागाच नाही, नुसत्या धारा लागतात आणि अंग चिकचिकतं. तीस अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर तीस ग्रॅम पाण्याची वाफ मावते. म्हणजे आमच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत, दमट दिवशी, अर्ध्या लिटरहून जास्त पाणी नुसतं हवेत तरंगत असतं, कोणाला दिसत नाही, पण पापड सादळतात, मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चामडी चपलेला बुरशी येते. फ्रीजमधल्या थंड सरबताचा ग्लास बाहेर ठेवला की त्याला बाहेरून घाम येतो, ते पाणी सरबताचं नाही, ग्लासाला लागून गार झालेल्या हवेतलं आहे. धाकटीने ते चाटून बघितलं, गोड लागलं नाही, मग पटलं.

तर मान्सूनचा वारा अरबी समुद्रावरून येताना असलीच वाफ उचलून आणतो. ती वर जाऊन ढग झाली की लपलेली उष्णता वर आकाशात सुटते, तिथली हवा तापते, अजून वर चढते, खाली दाब कमी होतो आणि समुद्रावरची आणखी ओली हवा ओढली जाते. जमिनीने इंजिन नुसतं सुरू करून दिलं, पुढे ते वाफेवर चालतं. म्हणून जमीन गार झाली तरी जुलैत पाऊस थांबत नाही. सप्टेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे सरकतो तसा तो सगळा पावसाचा पट्टाही मागे सरकतो आणि परतीचा पाऊस सुरू होतो.

ढग म्हणजे वाफ असं खूप जण समजतात पण तसं नाही, वाफ दिसतच नाही. ढग म्हणजे पाण्याचे इतके बारीक थेंब की शंभर एकाशेजारी एक ठेवले तर जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर भरेल. आणि वाफेला थेंब व्हायला टेकायला काहीतरी लागतं, धुळीचा कण, धुराचा कण, नाहीतर मिठाचा. लाट फुटली की जे तुषार उडतात त्यातलं पाणी वाळतं आणि मिठाचा अगदी सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर वर जातो, त्याच्यावर वाफ जमते. म्हणजे आपल्या डोक्यावर पडणाऱ्या पावसाच्या पोटात कधीकाळी फुटलेल्या एखाद्या लाटेचं मीठ असू शकतं, मला हे फार आवडतं. एक किलोमीटर लांब-रुंद-उंच असा साधा पांढरा ढग घेतला तर त्यातलं पाणी पाचशे टनांच्या घरात जातं, पण थेंब इतके हलके की खालून वर येणारी हवा त्यांना झेलून धरते. असे लाखभर थेंब, कधी दहा लाख, एकत्र आले की पावसाचा एक थेंब होतो, मग तो झेलणं हवेला जमत नाही. आणि चित्रात काढतात तसा टोकदार थेंब नसतोच बरं का. लहान थेंब गोल, मोठा थेंब खालून हवेने दाबला गेल्यामुळे चपटा, बुंदीच्या लाडवावर तळहात ठेवून जरा दाबला तर होईल तसा.

आता आपला सह्याद्री. नकाशात कोकण म्हणजे समुद्र आणि डोंगर यांच्यामधली चिंचोळी पट्टी, ओली हवा समुद्रावरून आली की पन्नास-साठ किलोमीटरवर तिच्यासमोर हजार मीटरची भिंत उभी. थांबता येत नाही, मागून वारा ढकलतोय, मग ती भिंत चढते. वर चढली की फुगते आणि फुगली की गार होते, किलोमीटरमागे सहा ते दहा अंशांनी. गार हवेत वाफ कमी मावते, बाकीचं पाणी सोडून द्यावंच लागतं. म्हणून दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर घाटमाथ्यावरच्या आंबोलीला सात हजारांच्या आसपास, महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. आणि महाबळेश्वरहून पलीकडचा घाट उतरून वाईला गेलात की हजाराच्याही आत, अजून पुढे माण तालुक्यात दहिवडी-म्हसवडला पाचशेच्या आसपास. एकच जिल्हा, एकच ढग, पण त्याने सगळं पाणी अलीकडेच सांडलं, आणि पलीकडे उतरताना उरलेली हवा परत तापते म्हणून ढग विरूनही जातो. भूगोलात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. आमच्याकडे पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, पूर येऊन साकव पाण्याखाली जातो त्याच दिवशी माणदेशात टँकरची वाट बघत असतात, हे पोरांना नुसतं पाठ करून घेण्यापेक्षा एकदा घाट ओलांडून दाखवावं असं मला मनापासून वाटतं.

विजेचं थोडक्यात सांगते. उंच ढगात वरच्या भागात बर्फाचे कण आणि छोट्या गारा एकमेकींवर घासतात, त्यातून वरच्या बाजूला एक विद्युतभार साठतो आणि खाली दुसरा, आणि फार साठला की ठिणगी. ती ठिणगी म्हणजे वीज, तिच्या वाटेतली हवा क्षणभर तीस हजार अंशांपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, आणि इतक्या झटक्यात फुगते की त्याचा आवाज होतो तो गडगडाट. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर खेळ सोडून घरात यायचं, माडाखाली, आंब्याखाली अजिबात उभं राहायचं नाही, पाण्यात तर नाहीच. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात आणि हस्ताच्या पावसात आपल्याकडे गडगडाट जास्त असतो आणि भर जुलैत कमी, कारण जुलैचे ढग पाणी भरपूर देतात पण तितके उंच वाढत नाहीत.

चक्रीवादळाचा विषय धाकटीने काढला नाही, मीच काढला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा ती अगदी लहान होती आणि मुंबईत होती, मी इथेच होते. त्याचं इंजिनही वाफेवरच चालतं. समुद्राचं वरचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं असलं की भरपूर वाफ वर जाते, ढग होतात, उष्णता सुटते, खालचा दाब अजून घटतो, चहूबाजूंनी हवा आत धावते, आणि पृथ्वी फिरते म्हणून सरळ आत न जाता गोल फिरायला लागते. आपल्या उत्तर गोलार्धात ते फिरणं घड्याळाच्या काट्यांच्या उलटं. जमिनीवर आलं की वाफेचा पुरवठा तुटतो आणि वादळ मरतं, पण मरायच्या आधी श्रीवर्धनपासून आमच्या दापोली-मंडणगडपर्यंत सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. आमच्या पडवीची कौलं पत्त्यांसारखी उडत होती आणि आजी देवघराच्या दाराला पाठ लावून बसली होती. मला आठवतं ते असं की सकाळी वारा आग्नेयेकडून होता, मग दक्षिणेकडून झाला आणि दुपारी समुद्राकडून यायला लागला. तेव्हा काही कळलं नाही. नंतर वाचलं की बाईस बॅलट नावाच्या एका डच शास्त्रज्ञाने १८५७ साली एक नियम सांगून ठेवलाय, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि डावा हात बाजूला पसरायचा, कमी दाबाचा मध्य त्या बाजूला असतो. हे खळ्यात पोरांना करायला लावलं. आग्नेयेच्या वाऱ्याकडे पाठ केली तर डावा हात नैऋत्येला, समुद्रात. दक्षिणेच्या वाऱ्याला पाठ केली तर पश्चिमेला. समुद्राकडच्या वाऱ्याला पाठ केली तर उत्तरेला, श्रीवर्धनकडे. वादळ खरोखर त्याच वाटेने गेलं होतं. थोरला ते तीन-तीनदा करून बघत होता, हात पसरून गोल गोल फिरत, आणि मला त्या दिवसाची भीती पहिल्यांदा जरा कमी झाल्यासारखी वाटली.

मग हे सगळं कळतं तर अंदाज चुकतो का? हा प्रश्न मोठी माणसंही विचारतात, विशेषतः रेड अलर्ट म्हणून शाळा बंद ठेवली आणि ऊन पडलं की. आपलं हवामान खातं १८७५ सालचं आहे, आता उपग्रह आहेत, रडार आहेत, पुण्यात सुपरकॉम्प्युटर आहेत. ते करतात काय, तर आत्ता या क्षणी कुठे किती तापमान, दाब, वारा, वाफ आहे ते घेतात आणि गणिताने पुढचा क्षण काढतात, मग त्याच्या पुढचा. पण सुरुवातीला मोजण्यात बारीकशी चूक असली तरी ती पुढे फुगत जाते, म्हणून उद्याचा अंदाज चांगला, पाचव्या दिवसाचा बेताचा आणि महिन्याभराने तुमच्या गावात कुठल्या दिवशी पडेल हे कोणीच सांगू शकत नाही. दुसरं म्हणजे पाऊस फार लहरी, सगळीकडे सारखा पडत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला पंच्याहत्तरच्या आत! मुंबईत खूप पाऊस पडेल हा अंदाज कुलाब्याच्या माणसाला चुकीचा वाटला असता. रेड अलर्टचा अर्थ साधारण असा की चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पडायची दाट शक्यता आहे, तयारीत राहा. तुमच्या अंगणात तेवढा पडेलच असं त्यात म्हटलेलं नसतं. आणि बंदरात तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला तर समोरचा समुद्र कितीही शांत दिसू दे, काका म्हणतात होडी सोडायची नाही म्हणजे नाही.

आजीचं पंचांग वेगळं. तिचं सगळं नक्षत्रांवर, मृग लागला, आर्द्रा लागल्या. यात मला तरी भांडण दिसत नाही. नक्षत्र सूर्यावरून ठरतं म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारालाच लागतो, आणि मान्सून सरासरी १ जूनला केरळात आणि ११ जूनला मुंबईत पोचतो, म्हणजे कोकणात मृग आणि पाऊस एकत्र येतात हे शेकडो वर्षांचं निरीक्षण आहे, पक्कं. पण ती सरासरी झाली. २०२५ साली मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला तेव्हा कित्येकांची घरं शाकारायची राहिली होती, आगोटची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची, लाकडं भिजली. यंदा नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की गाढव त्यावरून पाऊस किती पडेल ते मात्र ठरत नाही, आजीला मी हे हळूच सांगितलं, तिने ऐकून घेतलं.

जायच्या आदल्या दिवशी आम्ही पर्जन्यमापक केला. सरळ उभ्या बाजूंची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापायचा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवायचा म्हणजे पाणी आत जातं पण वाळत नाही. बाटलीचा तळ खड्ड्याखड्ड्यांचा असतो म्हणून तळात बारीक खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे पेनाने शून्याची रेघ. शून्यापासून वर पट्टी चिकटवायची. झाडाखाली, पागोळ्यांखाली ठेवायचा नाही, मोकळ्यात ठेवायचा, विटांच्या आधाराने म्हणजे पडत नाही. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, हवामान खातंही साडेआठलाच मोजतं, आणि मोजून झालं की परत शून्यापर्यंत ओतून टाकायचं. पट्टीवर एक मिलिमीटर चढलं म्हणजे आपल्या अंगणाच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडलं. आमचं खळं साधारण साठ चौरस मीटर, धाकटीने वहीत गुणाकार केला, दहा मिलिमीटर पडला तर सहाशे लिटर, म्हणजे आमची विहिरीजवळची पाचशेची टाकी भरून वर उरेल इतकं.

तशाच तीन बाटल्या केल्या. एक इथे, एक त्यांच्या मुंबईच्या गच्चीवर, एक माझ्या बहिणीकडे खेडला. जून लागल्यापासून रोज साडेआठ वाजून गेले की फोनवर तीन आकडे येतात आणि धाकटी ते वहीत लिहिते. गेल्या आठवड्यात तिचाच फोन आला. आत्या, खेडच्या आत्याची बाटली तुझ्या बाटलीपेक्षा नेहमीच पुढे असते, बारा दिवसांतले नऊ दिवस. मी काही बोलायच्या आधीच मागून थोरला ओरडला, अगं खेडला डोंगर जवळ आहे ना. ती म्हणाली हो ते मला माहितीये, पण मग उरलेले तीन दिवस तुझ्याकडे जास्त का पडला?